दोन थापा

बेकरीवाल्या बाईंना पन्नाशीला टेकल्यावर हौस आली, ती नेमकी ज्यूदोची. वर्गात त्यांना सगळे 'खिळा' म्हणत, कितीही ठोका, वाकायचा नाही असा. पकडीत अडकलं की हाताने दोनदा थाप मारायची, समोरचा लगेच सोडतो, इतका साधा नियम. पण बाई थाप मारतील तर शपथ! खांदा निखळायची वेळ आली तरी दात आवळून पडून राहायच्या. वर ऐकवायच्या, "आम्ही थापा मारणाऱ्यांतले नाही."

म्हणूनच सरांनी मागच्या परीक्षेत त्यांना नारिंगी पट्टा नाकारला. जिला थांब म्हणता येत नाही, तिच्याशी कुणाला खेळायला देण्याची मला भीती वाटते, म्हणाले. बाईंना ते फार लागलं.

रविवारी पुन्हा परीक्षा होती, आणि शुक्रवारी बाईंना सणकून ताप भरला. घसा असा बसला की नुसती फुसफुस. डॉक्टरांनी आठवडाभर अंथरूण सांगितलं. कधी नव्हे ती भट्टी थंड पडली.

रविवारी सकाळी नवरोबा पेज घेऊन खोलीत आले, तर बाई पांढरा पोशाख चढवून पलंगाच्या कडेवर बसलेल्या. पट्ट्याची गाठ मारत होत्या, ती पुन्हा पुन्हा सुटत होती.

"मला काही झालेलं नाही," बाई फुसफुसल्या.

नवरोबांनी वाटी खाली ठेवली. ते न्हावी, हात मऊ आणि अंगाने बाईंच्या निम्मे. घरी सरावाला बाईंनी त्यांनाच इतकं आपटलं होतं की एक पकड आपसूकच येत होती. त्यांनी बाईंना हळूच आडवं केलं, मानेखालून हात घातला आणि धरून ठेवलं.

"थापा मारत नाहीस म्हणे. आयुष्यभर हीच एक थाप मारत आलीस की तुला काही झालेलं नाही. बाळंतपणात मारलीस, आई गेली तेव्हा मारलीस. मी दरवेळी खरं मानलं गं. आज नाही मानणार."

बाईंनी एक हिसका दिला. एरवी नवरोबा भिंतीवर गेले असते, आज जागचे हलले नाहीत. मग बाईंचे डोळे भरून आले, आणि त्यांनी नवऱ्याच्या पाठीवर हाताने दोनदा थाप मारली.

नवरोबांनी नियमाप्रमाणे लगेच सोडलं.

"लगेच कशाला सोडलंत?" बाई फुसफुसल्या, आणि त्यांचा हात ओढून पुन्हा मानेखाली घेतला.