घरघर

नवं ग्राफिक्स कार्ड म्हणजे उंबराचं फूल झालं होतं. क्रिप्टोची नाणी पाडणाऱ्या मेल्यांनी दुकानंच्या दुकानं धुऊन नेली होती. अडला हरी म्हणून अ‍ॅनिमेशनवाल्याने एका म्हातारीकडून तिच्या मुलाचं जुनं कार्ड उचललं. कधीपासून बंद पडलेल्या खोलीतलं ते कार्ड हाताला कोमट लागलं, पण सौदा फिसकटेल म्हणून त्याने विचारलं नाही.

घरी बसवताच त्याचा पंखा घरघरू लागला. धाप लागल्यासारखा मध्येच अडकायचा, पुन्हा सुरू व्हायचा.

“आधी बंद करा ते!” बायको आतून ओरडली.

त्याने चरफडत प्लग उपटला आणि म्हातारीला फोन लावला.

“मावशी, कसलं कार्ड गळ्यात मारलंत? त्याला तर घरघर लागलीये!”



“फोन जरा त्याच्याजवळ धरा,” म्हातारी म्हणाली. “माझा मुलगा त्याच खोलीत गेला. त्याच्या कॉम्प्युटरांचा एवढा आवाज, की त्याची शेवटची घरघर मला दाराबाहेर ऐकूच आली नाही.”

त्याने फोन कार्डाजवळ धरला. घरघर चालूच होती.

“हो, तोच,” म्हातारी हळूच म्हणाली.

प्लग अजून त्याच्या दुसऱ्या हातात होता.