बॅग मागे का पळत नाही?

पुष्कर फिजिक्समध्ये एकदा आपटला होता. जर्मनीत ड्रेस्डेनच्या स्टुडियनकॉलेगमध्ये, म्हणजे परदेशी मुलांना युनिव्हर्सिटीत घेण्याआधी वर्षभर तयारी करून घेतात तिथे, नापास झालं तर परीक्षा अजून एकदाच देता येते. आता गेली की सरळ नाशिक.

आणि आपटला कशावर, तर घर्षणावर! सूत्र तोंडपाठ होतं, म्यू गुणिले एन, म्हणजे घर्षणांक गुणिले तळावरचा दाब. प्रश्नात वजन दिसलं, म्यू दिसला, की हा गुणाकार करून मोकळा. तोंडीला लिंडनर सर शांतपणे म्हणाले, "झिशर?" नक्की? याने लगेच उत्तर बदललं. ते परत म्हणाले, "झिशर?" याने परत बदललं. संपलं.

शनिवारी ईप्सिता कुकर मागायला आली. ती होस्टेलात वरच्या मजल्यावर राहायची, पीएचडी करत होती. दारातच थबकली. पुष्करने मोठी बॅग तांदूळ आणि पुस्तकांनी ठासून भरून जमिनीवर आडवी टाकली होती.

"भरलीस पण? परीक्षा तरी होऊ दे!"

"ताई, टोमणे नंतर. आधी हे बघ."

त्याच्या हातात सामान तोलायचा काटा होता, स्प्रिंगचा, हुकवाला. एअरपोर्टवर बॅग उघडायची वेळ येऊ नये म्हणून आईने दिलेला. हुक हँडलला अडकवून तो बॅग आडवी ओढत होता.

"काटा आठावर गेला की सरकते. म्हणजे घर्षण आठ. बरोबर?"

"आता दोननेच ओढ."

बॅग ढिम्म.

"आता घर्षण किती?"

"आठच की. म्यू तोच, वजन तेच."

"तू पुढे ओढतोयस दोनने आणि घर्षण मागे ओढतंय आठने. मग बॅग मागे का पळत नाही?"

पुष्करने काटा खाली ठेवला.

"सांग ना, ताई!"

"अजिबात नाही. कुकर कुठाय?"

कुकर घेऊन ती गेली. पुष्कर मांडी ठोकून बसला. कळल्याशिवाय उठायचंच नाही.

दोनने ओढलं. बॅग जागची हलत नाही, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी. मग घर्षणही दोनच! चारने ओढलं, तर चार. हात सोडला तर काहीच नाही. त्याला हसूच आलं. आठ ही नुसती हद्द होती. तिथवर घर्षण लागेल तेवढंच लागतं. हद्द ओलांडली की बॅग झटक्यात सुटायची आणि सरकताना काटा साडेपाचावर उतरायचा. धडधड ऐकून खालच्या मजल्यावरच्या पोराने आपल्या छतावर झाडू आपटला. पुष्करने बॅगेखाली टॉवेल घातला आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. आकडे बदलले, गोष्ट तीच.

परीक्षेत लिंडनर सरांनी फळ्यावर खोकं काढलं. वजन पन्नास न्यूटन, म्यू शून्य पॉइंट चार, ओढ बारा न्यूटन. घर्षण किती?

बोटं सवयीने वीस लिहायला निघाली. पुष्करने खडू मागे घेतला.

"बारा. वीसपर्यंत ते हलणारच नाही."

"आता खोकं ट्रकमध्ये ठेवलंय. ट्रक निघाला, खोकं जागचं घसरलं नाही. घर्षण कुठल्या दिशेला?"

हे त्याने पाठ केलं नव्हतं. पाठ होतं ते एवढंच, की घर्षण गतीला विरोध करतं. म्हणजे मागे? त्याने डोळ्यासमोर आपली बॅग आणली, ट्रकमध्ये ठेवली. ट्रकचा तळ तेलासारखा गुळगुळीत असता, तर ट्रक निघून गेला असता आणि बॅग मागे राहिली असती. मग तिला पुढे नेतंय कोण? तळच. दुसरं आहेच कोण तिथे?

"पुढे," पुष्कर म्हणाला.

"झिशर?"

पुष्कर फळ्याजवळ गेला, खोक्याखाली पुढे जाणारा जाड बाण काढला आणि वळला.

"झिशर."

लिंडनर सरांनी पेनाचं टोपण लावलं. "गेनाऊ." अगदी बरोबर.

निकाल लागला तशी ईप्सिता धावत खाली आली. पुष्कर बॅगेतले तांदूळ डब्यात ओतत होता.

"काय रे?"

"कुकर आण परत," तो म्हणाला. "बॅग रिकामी करतोय."