माटोबाच्या गाळात चार मेखा

मी एक जुना तंबू आहे. जुना म्हणजे चांगलाच जुना. अंगाला कुबट वास येतो आणि ठिकठिकाणी उंदरांनी कुरतडलेलं आहे. सध्या दौंडला, सर्जेराव कंत्राटदारांच्या कडब्याच्या गंजीवर मला पसरून टाकलं आहे. मित्रांनो, मला बघून हळहळू नका. हळहळ मला नको आहे. मला फक्त एकदा बोलून मोकळं व्हायचं आहे.

माझा जन्म शिरूरचा, घोडनदीच्या काठचा. इलाहीचाचांनी मला बेतलं आणि त्यांच्या बायकोनं, सुगराबीनं, मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवलं. तिची शिवण इतकी घट्ट, की पहिल्याच पावसात आत थेंब आला नाही. "बघा, पाण्याला वाट घावली न्हाई!" असं म्हणून चाचांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती. ती थाप अजून आठवते हो. बाभळीच्या मेखासुद्धा त्यांनी स्वतः तासल्या, आणि प्रत्येकीच्या डोक्याला लोखंडी कडं बसवलं.

पहिली काही वर्षं छान गेली. देवीच्या लसीचे दवाखाने माझ्यात भरले. कुस्त्यांचे फड भरले, दोन लग्नं लागली. मला उभं करायचं काम चाचांच्या पुतण्याचं, रहीमचं. तो म्हणायचा, "तंबू वला गुंडाळला की कुजतो," आणि मी कडकडीत वाळल्याशिवाय माझी घडी घालत नसे. पुढं सर्जेरावांनी मला विकत घेतलं, तेव्हा रहीमलाही सोबत नोकरीला ठेवलं. इथपर्यंत माझं सगळं बरं चाललं होतं.

सत्तावन्न सालच्या दिवाळीत सर्जेरावांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. येत्या चैत्रात यवतजवळच्या माटोबा तलावाच्या काठी चार दिवस तंबू ठोकून राहायचं! झालं, ओसरीवर बैठका सुरू झाल्या. काय तो थाट! ग्रामोफोन कुणी आणायचा, कोंबड्या किती न्यायच्या, सोड्याच्या बाटल्यांना बर्फ कुठून मिळवायचा. एक संध्याकाळ तर सूर्य मावळताना खुर्च्या कुठल्या दिशेला मांडायच्या, यावरच भांडण्यात गेली. मी कोठीत पडून सारं ऐकत होतो. तळ्याकाठी कोण राहतं, काय करतं, हे मात्र एकालाही विचारावंसं वाटलं नाही. लांब कशाला जाऊ, मलाही वाटलं नाही! मी आपला हरखून गेलो होतो, की मला आता तळं बघायला मिळणार.

संक्रांतीच्या आधी आठ दिवस सर्जेरावांनी रहीमला हुकूम सोडला, "जागा बघून ये. मऊ, सपाट, पाण्याला लागून. आणि चार मेखा मारून ठेव, म्हणजे दुसरं कुणी तळ ठोकायचं नाही." रहीमनं माझ्या चारही कोपऱ्यांच्या मेखा पोत्यात घातल्या, जाऊन तलावाकाठी ठोकल्या आणि वर सुतळीही ओढून आला.

मित्रांनो, रहीम घोडनदीचा गडी. माटोबाची रीत त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तळ्याचं पाणी ओसरलं की काळाभोर गाळ उघडा पडतो. आसपासच्या वाड्यांमधली बिनजमिनीची माणसं त्यात काकडी आणि कलिंगड लावतात. कोणता तुकडा कुणाचा, याचा कागद नसतो. पाणी हटल्यावर जो आधी खुंटी मारील, त्याचा तो तुकडा त्या हंगामापुरता. दुसऱ्याच्या खुंटीला कुणी हात लावत नाही.

ठरलेल्या दिवशी, चैत्रात, रहीमनं मला रेल्वेनं यवतला नेलं आणि तिथून बैलगाडीनं तलावावर आणलं. मी उभा राहिलो. बघतो तर चहूकडे हिरवे वेल, त्यांत काकड्या लोंबताहेत, बायका पाट्या भरताहेत. मी उभा होतो तो चौकोन तेवढा उघडाबोडका आणि भेगाळलेला. रहीमही चपापला.

शेजारच्या तुकड्यात बयाबाईच्या काकड्या तोडायला एक बाई रोजानं आली होती. ती पाटी खाली ठेवून आमच्याकडे आली. तिचं नाव कुशाबाई.

"मामा, ह्या खुट्या तुमच्या व्हय?" तिनं विचारलं.

"व्हय, बाई. का गं?"

"न्हाई, म्हनलं, मारल्या आन् पेरलं का न्हाई? दर साली ही जागा मी धरते. औंदा सासूला ताप व्हता, मला यायला येक दिस उशीर झाला. बघते तर तुमच्या खुट्या. मग मागं फिरले. बाकीच्या जागा धरून झाल्या व्हत्या."

रहीमचा चेहराच उतरला. "अगं, पण ह्या तंबूच्या मेखा हायत! उपटून टाकायच्या की!"

"दुसऱ्याची खुटी? आन् ती कशी उपटावी, मामा?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोसलं असतं. तिनं सांगितलं, की काकडी असली म्हणजे दोन पोटं भागत, आणि म्हातारी सासू शेवंताबाई डोळ्यांसमोर राहत असे. यंदा घरात दाणा नव्हता. म्हणून म्हातारीला कारेगावला नणंदेकडे धाडावं लागलं, आणि कुशाबाई आता खडी फोडायच्या टोळीबरोबर निघणार होती. "जाताना उंबरा सोडंना म्हातारी. 'मला माझ्या घरातच मरू दे,' म्हनली. पाऊस पडला की आननार हाय मी तिला."

एवढ्यात सर्जेरावांचा कारकून भिमाजी सायकल दामटत आला. "अरे रहीम, तू इथं? मंडळी आज सकाळीच महाबळेश्वरला गेली! तळ्याचा बेत तर केव्हाच मोडला, संक्रांतीनंतर चार दिवसांत. तुला सांगायचं राहूनच गेलं बघ."

हे खरं होतं. मी कोठीतून ते ऐकलंही होतं. पण बेत आज मोडतो, उद्या पुन्हा जुळतो, असं म्हणून मी स्वस्थ पडून राहिलो होतो. आणि मला तोंड तरी कुठं होतं?

"संक्रांतीनंतर?" कुशाबाई हळूच म्हणाली. "तवा तर गाळात वल व्हती, मामा. पेरता आलं असतं."

रहीमनं तिथल्या तिथं मला खाली उतरवलं आणि चारही मेखा उपटल्या. "घे बाई, तुझी जागा." तिनं टाचेनं भुई दाबून पाहिली. भुई दगडासारखी झाली होती. ती पाटी उचलून बयाबाईच्या वेलांकडे गेली.

मृगाच्या आधीच शेवंताबाई कारेगावला वारली. टोळीवर निरोप पोचायला तीन दिवस लागले. रहीमनं हे ओसरीवर येऊन सांगितलं, तेव्हा सर्जेराव कागद पेन्सिल घेऊन बसले होते. ते म्हणाले, "अरेरे! खुळीच दिसते बाई. उपटायच्या होत्या मेखा. बरं, यंदा भाटघरच्या धरणावर जायचं म्हणतोय. जागा बघून ये."

रहीमनं कोठीची किल्ली त्यांच्यापुढं ठेवली आणि तो घोडनदीला निघून गेला. पुन्हा आला नाही. त्याच्यानंतर मला वाळवून ठेवणारं कुणी उरलं नाही. मी कुजलो, त्याचं मला काही वाटत नाही.

मित्रांनो, तळ्याकाठी मुक्कामाला तुम्ही जरूर जा. पण जागा रिकामी दिसली म्हणून ती कुणाचीच नाही, असं समजू नका. आधी विचारा. आणि बेत मोडलाच, तर तेवढं सांगायला तरी कुणाला धाडा. दौंडहून यवतला रोज गाडी जात होती. एक माणूस गेला असता, तर शेवंताबाई आपल्या घरात मेली असती.