ताईचा हिरवा

सकाळी सव्वानऊला रंगाच्या कारखान्यात माल परत आला. डब्यांवर हिरवा, आत तपकिरी. छटा तपासल्याची सही जुळ्या बहिणींतल्या धाकटीची होती.

"डोळे घरी ठेवून येतेस का?" मुकादमाने विचारलं.

"हिरवाच आहे की," ती म्हणाली. सगळे हसले. तिला विनोद कळला नाही.

तिचे डोळे कधी तपासलेच नव्हते. जुळ्या बहिणी एकाच दिवशी कामाला लागल्या, तेव्हा मुकादमाने फक्त मोठीची परीक्षा घेतली. "दुसरीची कशाला? छापा एकच आहे." पुढे दोघी एकाच टेबलावर. मोठी छटा बघून मान डोलवायची, धाकटी सही करायची. गेल्या महिन्यात मोठीला दुसऱ्या गावी हेच काम मिळालं.

डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासून रंगांधळेपणा असल्याचं सांगितलं आणि समजावलं. "लाल-हिरवा ओळखायचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि तुमच्या दोनपैकी एकावरचं सदोष आहे. गर्भ अगदी इवलासा असतो, तेव्हा मुलीची प्रत्येक पेशी दोनपैकी एक एक्स गुणसूत्र बंद करते. कुठलं, याला नियम नाही. त्या पेशीपासून झालेल्या सगळ्या पेशी मग तेच बंद ठेवतात. तुमच्या डोळ्यांतल्या बहुतेक पेशींनी चांगलं बंद केलं."

"आणि ताईच्या?"

"सदोष."

कारखान्याला हे पटेना. जुळीला दिसतं, मग हिलाच कसं दिसत नाही? दोघींच्या रक्तात तोच दोष असल्याचा अहवाल शुक्रवारपर्यंत आला तर गोदामात बदली, नाहीतर हलगर्जीपणाबद्दल घरी.

तिने फोन केला. "ताई, गुरुवारपर्यंत नुसतं रक्त दे गं."

"आणि माझ्यातही तो दोष आहे हे इथे कळलं तर?"

"तुला तर सगळं दिसतं."

"तुझ्या मुकादमाला पटलं का ते? मग माझ्या मुकादमाला कसं पटेल?"

धाकटीने विचारलं, "आपली लहानपणची एकसारखी स्वेटरं आठवतात?"

"हिरवी. त्यांचं काय?"

"मला मातकट दिसायची."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलणार? वाटायचं, हिरवं म्हणजे असंच असतं. तुलाही असंच दिसतं."

"बघते," म्हणून मोठीने फोन ठेवला. खोलीत दोन खाटा होत्या. एकीवरची गादी महिनाभर गुंडाळलेलीच होती. धाकटी दुसरीच्या कडेला बसून राहिली.

गुरुवारी संध्याकाळी प्रयोगशाळा बंद झाली, तोवर तिथे एकच नमुना पोहोचला होता. धाकटीचा.