काल काय चांगलं केलं?

प्रार्थना झाली की विमलबाई दुसरीच्या पोरांना रोज एकच विचारायच्या, "काल काय चांगलं केलं?" एकेक पोर उभं राहून सांगायचं, बाई 'शाब्बास' म्हणायच्या आणि वर्ग टाळ्या पिटायचा. महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती. धामणगाव बढ्याच्या बाजूच्या त्या खेड्यात शाळा नवी, बाईही नव्या, आणि या प्रश्नाचं त्यांना भारी कौतुक! कोणी आंधळ्या आजीला देवळात नेलेलं असे, कोणी शेळीच्या पायातला काटा काढलेला. दोन-चार थापाही असत. असोत बापड्या! थापेत का होईना, चांगलं सुचतं ना, असं बाई म्हणत.

त्या सोमवारी गावचे पाटील पंजाबराव यांची नात रुख्मिणी उठली. "म्या काकूले पानी देल्लं. कोठ्याच्या खिडकीतून."

"कोणती काकू गं?"

"आमची कलाकाकू. काका मेल्यावर तिनं वावराचा हिस्सा मांगतला, तं आबानं तिले ढोरांच्या कोठ्यात कोंडलं. आबा म्हनते, तिले येड लागलं. पन माह्याशी तं चांगली बोलते, बाई."

कलाबाई माहेरी मेहकरला गेली, असं पंजाबरावांनी पारावर बसून साऱ्या गावाला सांगितलं होतं. बाईंच्या तोंडून शाब्बास काही निघालं नाही.

दुपारी पंजाबराव स्वतःच आले. आवाज कसा लोण्यासारखा! "लेकरू हाय बाई, कायबी बोलते. तुमची माय अंथरुनाले खिळली म्हने. अशा वक्ती तुमची बदली तिकडं संग्रामपूरच्या डोंगरात झाली, तं तिचे हाल होतीन."

"हाव," विमलबाई म्हणाल्या. बस, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून रुख्मिणी शाळेत नव्हती. बाईंना घास गोड लागेना. आईला पाणी पाजताना कोठ्याची खिडकी आठवायची. मेली जीभ तेव्हाच कुठं गेली होती, म्हणून त्या स्वतःलाच शिव्या घालायच्या. पण फौजदाराकडे जावं, तर आईला कोणाच्या भरवशावर टाकावं?

शुक्रवारी रुख्मिणी आली. त्या दिवशी बाईंनी प्रश्न टाळलाच होता, पण पोरांनी गलका केला, "बाई, चांगलं काम राह्यलं!" रुख्मिणी आपणहून उभी राहिली. गालावर बोटांचे वळ होते.

"म्या काकूले पानी नाही देल्लं. काकू लय हाका मारे, तरी नाही देल्लं. आबा म्हने, आता शहानी झाली पोरगी."

आणि वर्गाने टाळ्या पिटल्या! आबांनी शहाणी म्हटलं, म्हणजे चांगलंच की. रुख्मिणी बाईंच्या तोंडाकडे बघत उभीच होती. तिला शाब्बास हवं होतं.

हे आपणच शिकवलं, आपल्या गप्प बसण्याने शिकवलं. विमलबाई उठल्या आणि त्यांनी माठातून तांब्या भरून घेतला.

"बाई, तहान लागली का?" पुढच्या पोराने विचारलं.

"मले नाही," बाई म्हणाल्या, आणि पंजाबरावांच्या कोठ्याच्या वाटेला लागल्या.