सैल नसलेलं बटण

“बाबा, हातच दाखवलेत फक्त. तोंड कुठं दाखवलंय?” असं म्हणत सुनेने मोबाइल सासऱ्यांच्या नाकापाशी धरला.

रफूवाल्या बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. तिने टाकलेल्या व्हिडिओत त्यांचीच बोटं फाटक्या बाहीत एकेक धागा गुंफत होती. चौदा लाख लोकांनी ते पाहिलं होतं आणि हे हात कुणाचे म्हणून सगळे विचारत होते. कौतुकाच्या भरात सुनेने सकाळीच एका वाहिनीला फोन करून पत्ता दिला होता. चाळीस वर्षं या माणसाने खाली मान घालून काढली. एकदा तरी लोकांनी त्यांना बघावं, एवढंच तिचं म्हणणं. त्यांचा नवा सदराही तिने काढून ठेवला होता.

“सदरा राहू दे. कोट कुणाचा दाखवलास?”

तिने पुन्हा पाहिलं. लाकडी बटणांचा तपकिरी कोट. तो हेडमास्तरांचा, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. उद्या त्यांचा निरोपसमारंभ आणि धड असा तेवढाच कोट.

तिने व्हिडिओ तिथल्या तिथे काढून टाकला. पण अठ्ठावीस लाख डोळ्यांतून कसा काढणार?

“मला ओळखायला लागले, की माझ्याकडे कोण येतं तेही ओळखतील,” एवढंच म्हणून बाबा सुईत धागा ओवू लागले. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

दुपारी हेडमास्तर कोट न्यायला आले. ‘सर, कोट फाटला होता का?’ असं पोरं शाळेत विचारत होती म्हणाले. उद्या कोटाशिवायच जावं म्हणतो, असंही हळूच म्हणाले. तेवढ्यात खांद्यावर कॅमेरा घेतलेली दोन माणसं दारात उभी राहिली.

“ते रफूवाले इथेच ना?”

हेडमास्तर भिंतीकडे वळले. बाबांनी सुनेकडे पाहिलंही नाही.

“सकाळी मीच फोन केला होता,” सून म्हणाली. “मिरवायला खोटं बोलले. आमच्याकडे रफू होत नाही. बाबा नुसती बटणं लावतात.”

“मग हा कोट?”

“सरांचं बटण सैल झालंय,” बाबा म्हणाले. त्यांनी कोट मांडीवर ओढला आणि घट्ट असलेल्या बटणावर नवशिक्यासारखे जाड, वेडेवाकडे टाके घालायला लागले. त्यांचा टाका दिसलेला सुनेने आजवर पाहिला नव्हता. माणसांनी एकमेकांकडे बघितलं आणि कॅमेरा खाली केला.

कॅमेरावाले गेल्यावर बाबा ते टाके उसवायला लागले. हेडमास्तरांनी त्यांचा हात धरला.

“असू द्या. उद्या पोरांनी विचारलं, तर हेच दाखवीन.”