डाक निरंक

लोणंदच्या बाजारपेठेत मला लोक वकीलसाहेब म्हणतात. मी वकील नाही. एका जिन्याखाली माझं करसल्लागाराचं ऑफिस आहे आणि चाळीसएक गिऱ्हाइकांचे जीएसटीचे फॉर्म मी भरतो. सुरुवातीला लोकांची चूक दुरुस्त करायचो. मग सोडून दिलं. फुकटचा मान कुणाला नको असतो?

आकाराम सुभेदार माझ्याकडे सात वर्षांपूर्वी आले. फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी गावातले बारा माजी सैनिक हाताशी धरले आणि एमआयडीसीतल्या एका कारखान्याला पहारेकरी पुरवायचं काम घेतलं. कारखान्याने जीएसटी नंबर मागितला. तो काढायला मोबाइल आणि ईमेल लागतो. सुभेदारांचा मोबाइल बटणांचा, ईमेल नव्हताच. म्हणून मी दोन्हीकडे माझंच टाकलं. आमच्या धंद्यात बरेच जण असंच करतात. दर वेळी ओटीपीसाठी गिऱ्हाइकाच्या मागे कोण धावणार? सुभेदारांना मी हे सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

त्यांचा सगळा भरवसा कागदावर. घराच्या गेटला त्यांनी पत्र्याची लाल पेटी ठोकली होती. रोज सकाळी अकराला, पोस्टमन येवो न येवो, ते कुलूप काढून आत हात घालायचे. मग एका जाड रजिस्टरमध्ये तारीख टाकून लिहायचे, ‘डाक निरंक’. म्हणजे आज काही आलं नाही. खाली सही. चोवीस वर्षांच्या नोकरीत आपल्या नावावर एक रेड एंट्री नाही, शिक्षेचा एक लाल शेरा नाही, हे त्यांनी मला पन्नासदा तरी ऐकवलं असेल.

"सरकार कागद धाडल्याबिगर काय करत न्हाई, वकीलसाहेब," ते म्हणायचे. "हुकूम हातात आला की दुसऱ्या दिवशी जवाब. आपल्याकडनं उशीर न्हाई."

मला हसू यायचं, कधी चीडही यायची. हल्ली नोटीस सरकारी पोर्टलवर टाकतात, आणि टाकली की ती मिळाली असंच धरतात. तिचा मेसेज जातो नोंदणीतल्या मोबाइलवर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना? इथे कळसा माझ्या काखेत होता आणि वळसा सुभेदारांच्या वाट्याला. चाळीस जणांचे मेसेज माझ्या एका फोनवर येऊन पडायचे. मी फॉर्मच्या तारखा तेवढ्या बघायचो, बाकीचे तसेच राहू द्यायचो.

गेल्या दिवाळीत फोन भरला म्हणून जुने मेसेज पुसायला बसलो आणि सुभेदारांच्या फर्मचं नाव दिसलं. फेब्रुवारीत नोटीस, त्यानंतर दोन स्मरणपत्रं, जूनमध्ये आदेश. पोर्टल उघडून सगळं वाचलं. तुमच्या बिलांवरचा कर का भरला नाही, एवढंच कर खात्याने विचारलं होतं. तो कर पुरवणाऱ्याने नाही, कारखान्याने भरायचा असतो, आणि कारखान्याने तो भरलाही होता. अर्ध्या पानाचं उत्तर आणि दोन कागद जोडले असते तर तिथेच मिटलं असतं. उत्तर आलं नाही म्हणून तो कर व्याज-दंडासह सुभेदारांवर बसला. अपिलाला तीन महिने असतात, कारण पटलं तर आणखी एक. तोही संपून दहा दिवस झाले होते.

आता कधीही बँकेतलं खातं गोठणार होतं. त्याच खात्यातून दर सात तारखेला बाराजणांचा पगार निघायचा. एक पगार चुकला तर कारखाना दुसरी एजन्सी बघणार, हे ठरलेलं. हायकोर्टाचं दार उघडं होतं, पण तिथे जायचं तर चूक कुणाची ते आधी सांगावं लागलं असतं. मला भीती वाटली. सुभेदारांसाठी थोडी, स्वतःसाठी जास्त.

दुसऱ्याच दिवशी ते फराळाचा डबा घेऊन आले. रंगूबाईंनी, त्यांच्या बायकोने, मुद्दाम माझ्यासाठी चकल्या केल्या होत्या. निघताना त्यांनी नेहमीसारखं विचारलं, आपलं काही आलंय का? मी नाही म्हणालो. मग निरंक, असं म्हणून ते हसत जिन्याखालून बाहेर पडले. पुढे दर महिन्याला त्यांनी विचारलं आणि दर महिन्याला मी तेच सांगितलं. खोटं बोलणं दर वेळी सोपं होत गेलं, याचीच मला जास्त धास्ती वाटायची.

पाच फेब्रुवारीला सकाळी एका अनोळखी नंबरवरून दोनदा फोन आला. मी उचलला नाही. थोड्या वेळाने सुभेदारांचा आला. कर खात्याच्या बाई घरी आल्यात, तुम्ही या. मनात पाल चुकचुकली, पण न जाऊन सांगतो कुणाला?

सुभेदार गेटपाशी इस्त्रीच्या शर्टात ताठ उभे होते. निरीक्षक बाई वयाने लहान होत्या. हातात ते जाड रजिस्टर घेऊन एकेक पान उलटत होत्या, आणि प्रत्येक पानावर निरंक, निरंक, खाली सही. बाई हळू आवाजात म्हणाल्या की वर्षभरात चार वेळा कळवलं, एकदाही उत्तर नाही, आणि खातं गोठवायचं पत्र आज सकाळीच बँकेला गेलं. सुभेदारांनी पेटीचं कुलूप काढलं आणि दार उघडून रिकामी पेटी त्यांना दाखवली.

"कागद आला न्हाई, मॅडम. आला असता तर जवाब दिला असता. वकीलसाहेबांना इचारा, त्येस्नी सगळं ठावं हाय."

कधीकधी पोर्टल बंद असतं, असं काहीतरी मी पुटपुटलो. बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. मेसेज तर प्रत्येक वेळी गेलाय, म्हणाल्या, आणि नोंदणीतला नंबर सुभेदारांना वाचून दाखवला. हा तुमचाच ना? सुभेदारांनी मान हलवली. नाही. तेव्हा बाईंनी आपला फोन काढून तो नंबर लावला.

माझ्या खिशातला फोन वाजायला लागला. बंद करावा हेही मला सुचलं नाही. दारात रंगूबाई चहाचा ट्रे घेऊन थांबल्या होत्या. सुभेदार माझ्याकडे बघत राहिले, मग पेटीकडे, मग परत माझ्याकडे. त्यांनी पेटीचं दार लावलं, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली.

"उचला की, वकीलसाहेब," ते म्हणाले. "माझी डाक आलीया."